ऐकणारी माय

आमच्या घरात पुस्तकं होती ती तीनच, आणि तीही तांबड्या फडक्यात बांधलेली. हरिविजय, पांडवप्रताप आणि शिवलीलामृत. तिन्ही श्रीधरस्वामींची. श्रावण लागला की अण्णा, म्हणजे माझे वडील, फडकं सोडायचे आणि रात्रीची जेवणं उरकली की पाटावर पोथी मांडून वाचायला बसायचे. माय समोर बसून वाती वळायची, नाहीतर सुपात डाळ निवडायची. मी अण्णांच्या मांडीला लागून. माझ्या वाचनाला सुरुवात झाली ती इथं. शाळेत नाव घातलं ते नंतर.

आमचं राणीसावरगाव परभणी जिल्ह्यात, गंगाखेड तालुक्यात. भोवती माळरान आणि डोंगर. बाहेरचे लोक गावाला ओळखतात ते रेणुकादेवीमुळं. तालुक्याचं गाव गोदावरीच्या काठी, संत जनाबाईंचं. त्या भागातल्या बायका जात्यावर बसल्या की जनाबाईचं नाव घेतल्याशिवाय दळण सरत नसे. माझ्या मायला अशा कितीतरी ओव्या तोंडपाठ होत्या. अक्षर मात्र एकही येत नव्हतं. तिच्या लहानपणी मुलीला शाळेत घालायचा विचारच तिच्या घरी कुणाच्या मनात आला नव्हता.

अण्णांचीही शाळा अर्धवटच. त्यांचं लहानपण निजामाच्या राज्यात गेलं. कचेरीतली भाषा उर्दू, वरच्या वर्गांची भाषा उर्दू. रझाकारांच्या धामधुमीत गावं उठली आणि त्यांची शाळा सुटली. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, पण तोवर अण्णांच्या हाती औत आलं होतं. पुढं देवळात पोथी वाचणाऱ्या म्हाताऱ्याशेजारी बसून बसून ते वाचायला शिकले. त्यामुळं मनातल्या मनात वाचणं त्यांना ठाऊकच नव्हतं. वाचायचं म्हणजे मोठ्यानं आणि कुणीतरी ऐकायला बसलेलं असताना. एसटीची पाटीसुद्धा ते मोठ्यानं वाचत. मोठा झाल्यावर मला काही वर्षं त्याची लाज वाटायची.

आमची पोथी जुन्या छपाईची, सुट्या आडव्या पानांची. शब्द एकमेकांना चिकटलेले. कुठला शब्द कुठं संपतो ते वाचणाऱ्यानंच ओळखायचं. अण्णा पुष्कळदा भलत्याच ठिकाणी तोडत. तोडलं की अर्थ बिघडे, आणि समोरून मायचा आवाज येई, "दम धरा. जुळंना गेलंय."

तिला ते कळायचं कसं, याचं मला तेव्हा फार नवल वाटायचं. पुढं मराठी शिकवायची वेळ आली तेव्हा उलगडा झाला. पोथीतल्या ओवीला चार चरण असतात. पहिल्या तिन्हींचे शेवट जुळतात, चौथा मोकळा असतो. मायनं आयुष्यभर ओव्या गायलेल्या. दोन चरण कानावर पडले की तिसऱ्याच्या शेवटी साधारण कोणता आवाज यायला हवा, हे तिचा कान आधीच सांगत असे. अण्णा कागद बघून वाचत आणि माय कागद न बघता तपासत असे. त्या दोघांच्या मधे बसून मीही पुढचा शब्द ओळखायला लागलो. आधी कानानं ओळखायचा, मग अण्णांच्या बोटाखाली तो दिसतो का ते बघायचं. अक्षरओळख मला अशी उलट्या बाजूनं झाली.

माय नुसती चुका काढत नसे. अण्णांनी दहा-बारा ओव्या वाचल्या की ती हात थांबवून विचारायची, "मग?" अण्णांना सांगावं लागे. कुंतीनं असं कामून केलं, भीम गप का बसला, हे तिला कळल्याशिवाय पान उलटायची सोय नव्हती. देवळात पोथी लागते तेव्हा एक जण वाचतो आणि दुसरा अर्थ सांगतो. आमच्या घरी दोन्ही कामं अण्णांकडं होती आणि ती मायनं त्यांच्याकडून करून घेतली होती.

मी तिसरीत असेन. श्रावण अर्ध्यावर आला आणि अण्णांना थंडीतापानं घेरलं. लावलेली पोथी मधेच सोडू नये असा रिवाज. शेजारच्या दोन-तीन बायका नेहमीसारख्या येऊन बसलेल्या. मायनं पाट माझ्यापुढं सरकवला आणि म्हणाली, "तू वाच."

"मला नाही येत."

"येतंय तेवढं वाच. मी हाय की."

त्या रात्री मी वाचलं ते वाचन म्हणण्यासारखं नव्हतं. जोडाक्षर आलं की अडायचो. पण अडलो म्हणून माय शब्द सांगत नसे. तिला तो दिसतच नव्हता, सांगणार कुठून? ती आधीचे चरण पुन्हा म्हणायला लावायची. ते म्हणता म्हणता अडलेला शब्द आपोआप तोंडात यायचा. अध्याय संपला तेव्हा बराच उशीर झाला होता. मायनं शाबासकी दिली नाही. पोथी बांधत म्हणाली, "उद्या इथून पुढं."

अण्णा बरे झाले तरी पुढं एक दिवस ते आणि एक दिवस मी, असं ठरून गेलं.

नंतर गाव सोडून शिकायला गेलो. नव्या शाळेत मराठीच्या तासाला धडा वाचायला उभं केलं. मी वाचायला लागलो आणि वर्ग हसायला लागला. मला कळेना. मग लक्षात आलं, मी गद्य धडा पोथीच्या चालीवर वाचत होतो. दर वाक्याच्या शेवटी आवाज लांबवत होतो. वाचन म्हटलं की ती चाल, एवढंच मला माहीत होतं. सुट्टीत घरी आल्यावर मायला सांगितलं, आता मी मोठ्यानं वाचणार नाही.

तिनं वाद घातला नाही. संध्याकाळी म्हणाली, "तुमच्या साळंतलं एखादं पुस्तक आन. पोथी नको."

मी ग्रंथालयातून 'श्यामची आई' आणलं. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतलेलं, १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेलं हे पुस्तक रात्रींमध्ये विभागलेलं आहे. श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री एक आठवण सांगतो. अशा बेचाळीस रात्री. मोठ्यानं वाचण्यासाठीच जणू ते बेतलेलं. मी वाचायला लागलो, अर्थात चालीवर. मायनं मधेच विचारलं, "हे कोण बोलायलंय? बाई का लेकरू?"

"लेकरू."

"लेकरू आसं बोलतंय व्हय? लेकरासारखं बोल."

त्या सुट्टीत गद्य कसं वाचायचं ते मी शिकलो. रागावलेली आई रागानं बोलली पाहिजे, घाबरलेला श्याम घाबरून बोलला पाहिजे. कुणीतरी थांबलं असेल तिथं आपणही थांबायचं. डी.एड.ला गेल्यावर कळलं की याला प्रकट वाचन म्हणतात, आणि त्यात आरोह-अवरोहाला महत्त्व असतं. तोवर मला ते येत होतं, पण कुणामुळं येतं याचा विचार मी केला नव्हता.

१९८० नंतरच्या दशकात मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर लागलो. पहिली नेमणूक एका तांड्यावर. घरोघरी बंजाऱ्यांची गोरमाटी बोलली जाई आणि पुस्तक मराठीत. मी रीतसर बाराखडी घेतली. सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा, आवाज रस्त्यापर्यंत जायचा आणि मला वाटायचं, शिकवणं चांगलं चाललंय. पण न शिकवलेलं पान समोर ठेवलं की लेकरं माझ्या तोंडाकडं बघायची. मी पालकांची सभा घेतली. तुम्ही शिकलेले नाहीत, तुम्हाला घरी घेता येणार नाही, निदान लेकरं रोज शाळेत पाठवा, असं सांगितलं. माणसं माना डोलावून गेली. एक म्हातारी जाताना म्हणाली, "खरंय मास्तर, आमी अडाणी. आमाला काय कळतंय?"

सभा चांगली झाली असंच मला वाटलं होतं. घरी आल्यावर मायला शाळेचं सांगत होतो. ती ऐकत होती. शेवटी तिनं विचारलं, "तुझी लेकरं वाचून कोणाला दाखवतेत?"

"मला."

"तू एकटा आन् ती चाळीस. त्यांची पाळी कवा येणार?"

नोकरीच्या सगळ्या वर्षांत मला मिळालेलं सगळ्यात मोठं प्रशिक्षण हेच. ज्या बाईच्या समोर बसून मी वाचायला शिकलो, तिच्यासारख्याच बायकांना मी 'तुम्हाला घरी घेता येणार नाही' असं सांगून आलो होतो.

मग कामाची दिशा बदलली. शाळेत पाठ्यपुस्तकाशिवाय वाचायला फारसं नव्हतं. बालभारतीचं 'किशोर' मासिक नोव्हेंबर १९७१ पासून निघतं. त्याचे जुने अंक मिळाले तसे गोळा केले. 'चांदोबा' मराठीत १९५२ पासून निघत होता, त्याचेही काही अंक मिळाले. अंक एक आणि लेकरं पुष्कळ, म्हणून मी अंक उसवले. एकेक गोष्ट वेगळी काढून पुठ्ठा लावून दोऱ्यानं शिवली. अशी एक गोष्ट रोज घरी न्यायची आणि रात्री घरातल्या कुणाला तरी वाचून दाखवायची. कुणाला म्हणजे आईला, बापाला, नाहीतर आजीला. त्यांना वाचता आलं पाहिजे अशी अट नाही.

आयांना एवढंच सांगितलं की काम करत ऐका, पण ऐका. लेकरू थांबलं की विचारा, मग काय झालं? कळलं नाही तर तसं सांगा.

तांड्यावर यातून एक गोष्ट घडली, जी मी ठरवलेली नव्हती. मराठीतलं वाचलेलं आईला नीट समजेना. ती विचारी, म्हणजे काय? मग लेकराला ते गोरमाटीत सांगावं लागे. सांगायचं तर आधी स्वतःला कळलं पाहिजे. सकाळी शाळेत येऊन लेकरं मला विचारायला लागली, "सर, ह्याचा अर्थ काय? याडीनं विचारला, मला सांगता आला नाही." याडी म्हणजे आई. बाराखडी म्हणून घेताना एकाही लेकरानं मला अर्थ विचारलेला नव्हता. पोथी वाचणारा आणि अर्थ सांगणारा ही दोन माणसं आता एकाच लेकरात आली होती, आणि समोर माझी मायच बसली होती, फक्त दुसऱ्या भाषेत बोलणारी.

सगळं सुरळीत झालं असं नाही. आमच्या भागातली पुष्कळ घरं ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते. दसरा-दिवाळी झाली की बिऱ्हाड पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात निघतं, ते उन्हाळ्याच्या तोंडावर परततं. लेकरं बरोबर गेली की शाळा गेली. पुढं हंगामी वसतिगृहं सुरू झाली आणि काही लेकरं आजी-आजोबांजवळ राहायला लागली. तेव्हा ऐकायचं काम आजीकडं आलं. मोबाइल घरोघर आल्यावर काही लेकरं फडावरच्या कोपीत बसलेल्या आईला फोनवर पान वाचून दाखवू लागली. दिवसभर मोळ्या बांधून आलेली बाई पुष्कळदा ऐकता ऐकता झोपून जायची. लेकरू सकाळी येऊन सांगायचं, आई झोपली, गोष्ट अर्धीच राहिली. मी म्हणायचो, आज रात्री उरलेली वाच.

याच काळात वाचनाविषयी थोडं वाचनात आलं. अमेरिकेत वाचनावर नेमलेल्या आयोगाच्या १९८५ च्या अहवालात म्हटलं होतं की मुलाला पुढं वाचता यावं म्हणून करायच्या गोष्टींमध्ये त्याला मोठ्यानं वाचून दाखवणं सर्वांत महत्त्वाचं. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४ मध्ये तर जन्मापासूनच वाचून दाखवा, असा सल्ला दिला. हे मला मनापासून पटलं. अण्णांनी माझ्यासाठी वेगळं काय केलं होतं? पण हा सल्ला वाचता येणाऱ्या आईबापांसाठी होता. ज्यांना येत नाही त्यांनी काय करायचं, याचं उत्तर मला आमच्या घरातच मिळालेलं होतं.

२००५ पासून 'असर' या शिक्षणविषयक पाहणीत स्वयंसेवक घरी येऊन लेकराला वाचायला लावतात. अक्षरं, शब्द, छोटा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट, अशा पायऱ्या. शाळेत न घेता घरी घेतात, त्यामुळं दारात उभी असलेली आईही ते ऐकते. आपलं चौथीतलं लेकरू कुठं अडतं हे तिला कुणी समजावून सांगावं लागत नाही. कान तिला असतोच. तो वापरायला तिला कुणी सांगितलेलं नसतं.

पुढं चांगली चित्रांची पुस्तकं हाती आली. माधुरी पुरंदरे यांचं 'राधाचं घर' मी वर्गात आणलं तेव्हा एका आईनं लेकराला टोकलं, "चित्रात तर दुसरंच दिसायलंय, तू काय वाचायलास?" लेकरानं खरंच ओळ सोडली होती. मोठं चित्र आणि थोडा मजकूर असला की अक्षर न येणाऱ्या बाईलाही लेकराचं वाचन तपासता येतं. मायला जे काम ओवीच्या यमकानं करून दिलं, तेच इथं चित्रानं केलं.

मायच्या निरक्षर असण्याचं कौतुक मला करायचं नाही. तो तिच्यावर झालेला अन्याय होता. १९९० नंतर साक्षरतेचे वर्ग गावोगाव निघाले तेव्हा ती हौसेनं गेली. सही करायला शिकली, अक्षरं ओळखायला लागली. पण तोवर नजर मंदावली होती आणि वाचन काही चालतं झालं नाही. तिला त्याचं वाईट वाटायचं. एकदा म्हणाली, "तुला वाचायला बसवलं, तवा मीबी बाजूला येऊन बसायला पायजे होतं." मी तर शिकलेला होतो, शिक्षक होतो. तिला शिकवायचं त्याआधी कधी माझ्या मनात आलं नाही. दुसऱ्यांच्या आया ऐकायला बसवल्या, आणि स्वतःच्या आईला अक्षर द्यायला उशीर केला. हे ऋण फिटण्यातलं नाही.

माझ्या मुलांना मी पाळण्यात असल्यापासून वाचून दाखवलं. त्याचं श्रेय मी घेऊ नये. मला दुसरं काही येतच नव्हतं.

२०२२ मध्ये शाळापूर्व तयारीचं 'पहिले पाऊल' अभियान आलं. पहिलीत येणाऱ्या मुलांच्या आयांचे गट करायचे, त्यांना आयडिया कार्ड द्यायची, घरातल्याच वस्तूंतून, गप्पांतून, गोष्टींतून लेकराची तयारी करून घ्यायची. माझं निवृत्तीचं ते वर्ष. शाळेच्या व्हरांड्यात बायका गोल करून बसल्या होत्या. त्यातल्या पुष्कळ जणी आता सातवी-दहावी शिकलेल्या. दोघी-तिघी अजूनही अंगठा लावणाऱ्या, आणि त्या मागं सरकून बसलेल्या. त्यांना पुढं बोलावलं आणि सांगितलं की तुमचं काम या शिकलेल्यांपेक्षा सोपं आहे. शिकलेली आई घाईनं शब्द सांगून टाकते. तुम्हाला तो सांगता येत नाही, म्हणून लेकराला शोधावा लागतो.

हे मी कुठल्या पुस्तकातून घेतलेलं नव्हतं. माय तेव्हा हयात नव्हती.

मुलांना वाचनाची गोडी नाही अशी तक्रार घेऊन आजही पालक येतात. त्यांना मी फार काही सांगत नाही. जे मला मिळालं तेवढंच सांगतो. रात्री जेवणं झाली की थोडा वेळ टीव्ही-मोबाइल बाजूला ठेवा आणि लेकराजवळ बसा. वाचता येत असेल तर आधी तुम्ही वाचा, मग त्याला वाचू द्या. अडलं तर लगेच शब्द सांगू नका, मागची ओळ पुन्हा वाचायला लावा. तुम्हाला वाचता येत नसेल तर संकोच करू नका. तुम्ही फक्त ऐका, आणि लेकरू थांबलं की त्याला पुढचं विचारा.